सातवा फर्मा

"समितीच्या सात सभासदांपैकी एकानेही गेल्या दहा वर्षांत एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, आणि याचा पुरावा माझ्याकडे आहे."

वाचनालयाच्या छापील तक्त्यात 'शेरा' नावाचा बोटभर रुंदीचा रकाना असतो. दाभणबाईंनी हे वाक्य त्या रकान्यात लिहायला घेतलं. रकाना पुरेना, म्हणून त्या शेजारच्या रकान्यात घुसल्या. तिथेही मावेना, तेव्हा तक्ता उलटा केला आणि पाठीमागे लिहीत सुटल्या. खरं तर समितीला लांबलचक काही नको होतं. फाटक्या पुस्तकांची यादी करायची, प्रत्येकापुढे 'निकामी' असा एक शब्द टाकायचा आणि खाली सही ठोकायची, एवढंच ठरलं होतं. पण ठरवणारे वर पंख्याखाली बसले होते, आणि लिहिणाऱ्या दाभणबाई जिन्याखाली.

दाभणबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत एकोणतीस वर्षं त्या फाटकी पुस्तकं शिवत होत्या. दाभण हातात असायचं आणि जिभेवरही, त्यामुळे नाव आपोआप चिकटलं. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे घरच्यांनी सोडवली. पुढचं सगळं शिक्षण त्यांनी शिवता शिवता उरकलं. एका पुस्तकाला लावलेली खळ वाळायला दोन तास लागतात. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी डुलकी काढली असती. दाभणबाई पुढचं पुस्तक वाचायला घ्यायच्या, तेही सुटं, पानं टेबलावर पसरून. न वाचलेलं पुस्तक शिवायचं नाही, असा त्यांचा नेम होता. वैद्य पेशंटचं तोंड न बघता औषध देतो का, असं त्या विचारायच्या. देतात, असं कुणी म्हणालं, तर "म्हणूनच माणसं मरतात," असं उत्तर तयार असायचं.

आणि पुरावा म्हणाल, तर तो असा. पुस्तक जिथे उघडलं जातं तिथे त्याची शिलाई सैल पडते. माणूस शंभर पानं वाचून थांबला, की शंभराव्या पानापर्यंत पुस्तक मऊ आणि पुढे कडक राहतं. दाभणबाई डोळे मिटून कण्यावरून अंगठा फिरवायच्या आणि वाचक कुठे कंटाळला ते सांगायच्या. नवीन पुस्तकं आधी महिनाभर समितीच्या सभासदांकडे जायची, मानाने. परत यायची तेव्हा पहिली बारा-पंधरा पानं तेवढी मऊ असायची. पुढे सगळं कसं परीटघडीचं.

तर त्याच दिवशी सकाळी ग्रंथपाल हुकूम घेऊन खाली आले आणि दारातच घुटमळले.

"मावशी, आत येऊ?"

"जागा असेल तर या."

जागा नव्हती. टेबलावर, टेबलाखाली, खिडकीत, एकुलत्या एका खुर्चीवर दुरुस्तीला आलेली चारशे बारा पुस्तकं बसली होती. ग्रंथपालांनी उंबऱ्यावरूनच कागद पुढे केला.

"आधीच चिडू नका हं."

"अजून वाचलंही नाही. मी वाचून मग चिडते. वर उलटी पद्धत आहे, ते ठाऊक आहे मला."

कागदावर लिहिलं होतं की नूतन वास्तूत केवळ सुस्थितीतील ग्रंथ हलवावेत. जीर्ण व फाटके ग्रंथ लगदा करण्यासाठी पाठवावेत. ट्रक पुढच्या शनिवारी येईल. दोन्ही याद्यांवर शिवणकाम विभागाची सही आवश्यक. हा विभाग म्हणजे दाभणबाई, एक टेबल आणि एक दाब-यंत्र.

"म्हणजे जी लोकांनी वाचली ती मारायची," दाभणबाई म्हणाल्या, "आणि ज्यांना कुणी हात लावला नाही ती मिरवायची."

"असं कुठे लिहिलंय त्यात?"

"मग काय लिहिलंय? पुस्तक फाटतं कशानं, साहेब? उंदीर सोडले तर वाचणाऱ्यानं. आणि उंदरांनीसुद्धा आजवर समितीचे अहवाल कुरतडलेले नाहीत."

"मावशी, नव्या हॉलमध्ये काचेची कपाटं आहेत. फाटकं पुस्तक काचेतून बरं दिसत नाही."

"मग काच काढा."

ग्रंथपालांनी कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता. फक्त कणा पहिल्या पानांतच मोडलेला. "माझी तीन वर्षं राहिलीत हो," ते म्हणाले.

"आठ वर्षांपूर्वी अकरा राहिली होती. आकडा बदलला, वाक्य तेच."

ते गेले. दाभणबाईंनी तक्ता समोर ओढला. चारशे बारा पुस्तकं. यातल्या कित्येकांना त्यांनी दोनदा, तीनदा उभं केलं होतं. आता त्यांच्याच सहीने ती लगद्याच्या हौदात जाणार होती. कसायाने मांजर मारावं आणि पंचनाम्यावर मांजरीच्या आईची सही घ्यावी, तसला प्रकार. सही द्यायची नाही, असं म्हणायला त्यांना काहीच अडचण नव्हती. पण नुसतं 'नाही' म्हटलं की समिती म्हणणार, बाई अडाणी आहे, हट्टी आहे. म्हणून त्यांनी ठरवलं, प्रत्येक पुस्तकाचा शेरा लिहायचा. वाचलेलं आठवून, न वाचलेलं वाचून लिहायचा. समितीला वाचनाची सवय नाही, तर निदान दुसऱ्याने वाचलेलं कसं दिसतं ते तरी बघू दे.

पहिलं हाती आलं ते आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. शेरा पडला तो असा: "छातीत तलवार गेल्यावर राजा साडेतीन पानं बोलतो. मारणारा तोवर थांबतो, सभ्य घराण्यातला असावा. चार घोड्यांना चार नावं आहेत आणि तीन राण्यांना मिळून एकही नाही. मात्र पाचशे साठाव्या पानावर लेखक शुद्धीवर येतो. वेढा पडलेल्या किल्ल्यात पाणी किती दिवस पुरेल, याचा हिशोब एक पखालवाला करतो, ती चाळीस पानं कुणीही वाचावीत. कणा नेमका तिथेच तुटलाय. वाचक मूर्ख नसतो. शिवते. ठेवा."

रहस्यकथेला एवढंच: "खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. चुकीचं लिहिलंय. त्यामुळे पुस्तकाची रंगत वाढली आहे, खोडू नये. ठेवा."

प्रवासवर्णनापुढे त्या थोड्या थांबल्या, कारण राग जास्त होता आणि रकाना बारीक. "लेखक अकरा देश हिंडला. अकराही ठिकाणी त्याला तो स्वतःच भेटला आणि दर भेटीत तो स्वतःवर खूश झाला. पुस्तक फाटलं ते मजकुरामुळे नव्हे. आत घडी घालून एक नकाशा आहे, तो लोकांनी इतक्या वेळा उघडला की घड्यांवर चिरला. नकाशा काढणाऱ्याचं नाव कुठेही नाही. नकाशा ठेवा. लेखकाचं समितीने बघावं, सभासद व्हायला लायक आहे."

कवितासंग्रह म्हणजे मौनावर नव्वद पानं. इतकं बोलणारं मौन दाभणबाईंनी कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. पण मधलं एक पान कुणीतरी ब्लेडने अगदी हळुवार कापून नेलं होतं. त्यांनी लिहिलं, "एका कवितेची चोरी झाली आहे. याहून मोठा पुरस्कार मला ठाऊक नाही. ती कविता कुठली होती ते मला आठवतं. कोऱ्या पानावर हाताने लिहून लावते. ठेवा." आणि त्याखालच्या नळदुरुस्तीच्या पुस्तकापुढे: "बत्तिसाव्या पानावर काळ्या हातांचे ठसे. या पुस्तकाने निदान एक गळका नळ तरी बंद केला. वरच्या कवीबद्दल तसं म्हणता येत नाही. ठेवा."

मग आली ती डॉक्टरच्या प्रेमाची कादंबरी. "ही कादंबरी भिकार आहे," दाभणबाईंनी दाबून लिहिलं. "मी ती चार वेळा शिवली आणि चारही वेळा वाचली. एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर तो तिचा हात धरतो. तिथला कोपरा लोकांच्या बोटांनी इतका मऊ झालाय की कापड वाटावं. भिकार कादंबरीला एवढी माया मिळते आणि समितीला का मिळत नाही, याचा विचार समितीने फावल्या वेळात करावा. म्हणजे लगेच करता येईल. ठेवा."

बुधवारपर्यंत तीनशे शेरे झाले. एकाही ठिकाणी 'निकामी' नव्हतं. नाही म्हणायला एका शब्दकोशाला त्यांनी 'दमलाय' असं लिहिलं होतं.

त्या घरी तक्त्यांची चळत घेऊनच गेल्या. सून नुकतीच दवाखान्यातून आली होती. ती नर्स होती, आणि दिवसभर खरी माणसं बघितल्यावर संध्याकाळी तिला फक्त भुताखेतांचं वाचायला लागायचं. पाय टेबलावर टाकून ती तक्ते वाचू लागली आणि तिला हसू आवरेना.

"आई, ती डॉक्टरची पण ठेवा म्हणून लिहिलंत?"

"लिहिलं."

"अहो, तो नाडी अंगठ्याने बघतो त्यात. अंगठ्याने बघितली की स्वतःचीच लागते."

"स्वतःचीच लागत असणार. प्रेमात आहे तो."

"आणि माझ्या भुताच्या पुस्तकाला हे काय? 'तिसऱ्या प्रकरणात भूत दिसतं आणि तिथून पुढे भीती पळून जाते.' ते भूत नाहीच मुळी. सासू असते ती."

"म्हणून तर तुला आवडलं."

सुनेने पुढचं पान उलटलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आली. "पण आई, एक विचारू? रागावणार असाल तर नाही विचारत."

"विचार. रागावायचं की नाही ते नंतर ठरवते."

"फाटक्यांवर एवढं सगळं लिहिलंत. कोऱ्या पुस्तकांची यादी असेल ना? त्यावर कोण सही करतंय?"

"मीच. दुसरा तक्ता आहे."

"मग त्या पुस्तकांवर न वाचताच सही ठोकणार? तुम्ही?"

दाभणबाईंनी तक्ते तिच्या हातातून काढून घेतले. एकोणतीस वर्षांत दुरुस्तीलाच न आलेलं पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. नेम होता तो फाटक्यांसाठी. धडधाकटांची विचारपूस कोण करतं? समितीवर जो ठपका त्यांनी ठेवला, तो त्यांच्याही अंगाला थोडा चिकटलेला निघाला. सुनेने असं नेमकं बोट ठेवलं की त्यांना ते पुढे चार तास बोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी त्या जिन्याखालून वर गेल्या आणि सुस्थितीतल्या कपाटांपुढे स्टूल टाकून बसल्या. पुस्तकं उघडताना कण्यातून कटकट आवाज यायचा, न वापरलेल्या गुडघ्यांसारखा. यशावरचं एक पुस्तक निघालं. एकवीस सूत्रं होती, पहिलं 'पहाटे चारला उठा'. कणा सांगत होता की वाचक तिथेच झोपला. समितीच्या अहवालांचे नऊ खंड निघाले. त्यात दरवर्षी वाचकसंख्या वाढत होती आणि दरवर्षी वाक्य एकच होतं, फक्त साल बदललेलं. आणि मधल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला, सोनेरी अक्षरांत अध्यक्षांचं आत्मचरित्र. पंचवीस प्रती. नव्या हॉलच्या पहिल्या कपाटात त्याच लागणार होत्या, तसं आराखड्यात लिहूनच ठेवलं होतं.

दाभणबाईंनी एक प्रत मांडीवर घेतली आणि नेमाप्रमाणे पहिल्या पानापासून वाचू लागल्या. अध्यक्षांचं बालपण हालाखीत गेलं होतं. घरात मोटार एकच होती. शाळेत असताना त्यांनी एका आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून दिला होता, हे सहा पानांत होतं. आंधळ्याला पलीकडे जायचं होतं का, हे कुठेच नव्हतं. दाभणबाई जांभया गिळत वाचत राहिल्या. शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी अध्यक्ष गंभीर झाले: 'सार्वजनिक जीवनात पहिलं पाऊल टाकताना एक गोष्ट माझ्या मनावर कायमची कोरली गेली, ती म्हणजे'

समोरच्या पानावर पुढची ओळ होती.

'अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला वरचेवर उठवू नये.'

दाभणबाईंनी चष्मा पुसला. पुढे खुराड्याची लांबी-रुंदी होती. पिल्लांना ऊब कशी द्यावी ते होतं. कोंबडी लंगडू लागली तर काय करावं, याचं एक आकृतीसकट प्रकरण होतं. सोळा पानं सलग कोंबड्या. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी 'पिसं झडू लागली, तुरा फिका पडला, की ओळखावं की' असं होतं, आणि एकशे तेरावर, 'माझी अध्यक्षपदी एकमताने निवड झाली.'

दुसरं कुणी असतं तर चक्रावलं असतं. दाभणबाईंना क्षणात उलगडा झाला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतं. त्या घडीला फर्मा म्हणतात. एकाच छापखान्यात, एकाच आकाराची दोन पुस्तकं शेजारी शेजारी शिवायला पडली असणार. शिवणारे पानांचे आकडे बघतात, मजकूर नाही. दोन्हीकडे सातव्या फर्म्यावर आकडे तेच, सत्त्याण्णव ते एकशे बारा. इकडचा गठ्ठा तिकडे गेला. त्यांनी उरलेल्या चोवीस प्रती काढल्या. चोवीसही ठिकाणी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

पुस्तक निघून नऊ वर्षं झाली होती. त्यावर तीन सत्कार झाले होते. आणि तिकडे कुणा कोंबडीवाल्याच्या पुस्तकात अध्यक्षांची तरुणाई जाऊन पडली असणार. त्याने मात्र नक्की तक्रार केली असेल, कारण तो वाचणारा माणूस.

त्यांनी ग्रंथपालांना बोलावलं आणि शहाण्णवावं पान उघडून हातात दिलं. ग्रंथपालांनी समोरचं पान वाचलं, परत मागच्यावर आले, परत समोरचं वाचलं. मग हळूच स्टुलावर बसले.

"प्रकाशनाच्या भाषणात तुम्हीच म्हणाला होतात ना," दाभणबाई म्हणाल्या, "एका बैठकीत वाचून काढलं म्हणून?"

"म्हणायची पद्धत असते हो, मावशी."

"कोंबड्या कशा वाटल्या?"

"मावशी, हे कुणाला बोलू नका. माझी तीन वर्षं..."

"बोलत नाही. लिहिलंय." त्यांनी दुसरा तक्ता पुढे केला. शेरा होता: "पंचवीस प्रती. सुस्थितीत, म्हणजे अस्पर्श. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा अत्यंत वाचनीय, भाषा साधी, हेतू प्रामाणिक. बाकीच्या पानांवर सही करता येत नाही."

दोन्ही तक्ते ग्रंथपालांनीच वर नेऊन द्यायचे होते. पहिला त्यांनी दिला. दुसरा त्यांनी टेबलाच्या खणात घातला आणि खणाला कुलूप लावलं. त्यामुळे शुक्रवारी दुपारी अध्यक्ष जिन्याखाली उतरले ते फक्त पहिल्या वाक्याने पेटलेले. तेही त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. मागे पहिला तक्ता घेऊन ग्रंथपाल होते, चेहरा खळीसारखा पांढरा.

अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. बसायला जागा शोधली, मिळाली नाही.

"बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "कष्टाळू माणसांबद्दल मला कायमच आदर आहे."

"पुस्तकात आहे ते. पान तीसवर."

अध्यक्ष थोडे सुखावले. "वाचलंत?"

"शेवटपर्यंत."

"छान. मग आम्ही वाचत नाही, असं तुम्ही कसं लिहू शकता? अहो, मी तर लिहितो. लिहिणारा माणूस वाचल्याशिवाय लिहील का?"

"मीही तोच विचार करत होते."

"तुमचा अंगठा म्हणे कण्यावर फिरतो आणि तुम्हाला कळतं. याला पुरावा म्हणतात? उद्या सकाळी ट्रक येतोय. चारशे पुस्तकांपायी एवढी मोठी इमारत अडून राहणार आहे का? हा कचरा आहे, बाई. भावना बाजूला ठेवा आणि सही करा. नवी घेऊ आपण. कोरी."

हे बोलताना त्यांनी सवयीने हात शेजारच्या ढिगावर ठेवला. तो नेमका डॉक्टरच्या कादंबरीवर पडला आणि चार वेळा शिवलेला पुठ्ठा पाचव्यांदा सुटला. दाभणबाईंनी तो त्यांच्या हाताखालून काढून घेतला, फडक्याने पुसला आणि बाजूला ठेवला. मग ग्रंथपालांकडचा तक्ता मागून घेतला आणि दोन्ही तक्ते समोर मांडले. दुसरा त्यांनी आदल्या दिवशीच पुन्हा लिहून काढला होता. ग्रंथपालांच्या खणाची आणि कुलपाची त्यांना पुरेपूर ओळख होती. त्या तक्त्यावर त्यांनी सोनेरी अक्षरांचं पुस्तक ठेवलं. बंद.

ग्रंथपालांनी डोळे मिटले.

"अंगठ्याचा पुरावा नको ना तुम्हाला?" दाभणबाई म्हणाल्या. "ठीक आहे, नको. दुसरा देते. माझी सही लागते, हा तुमचाच नियम. पेन हातात घेतलंय बघा. तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर द्या, मी चारशे बाराही पुस्तकांपुढे 'निकामी' लिहिते, उद्या ट्रक मी स्वतः भरून देते आणि तुमची माफी मागते, हवी तर त्या नव्या हॉलमध्ये, माईकवरून. उत्तर आलं नाही, तर पहिल्या काचेच्या कपाटात ही फाटकी लागतील आणि ही कोरी ट्रकमध्ये जातील. साहेब इथे साक्षीला आहेत. त्यांची तीन वर्षं राहिलीत, खोटं बोलायची त्यांना गरज नाही."

"विचारा," अध्यक्ष म्हणाले. आवाजात हसू होतं. "माझ्याच पुस्तकातलं विचारणार?"

"तुमच्याच."

"अहो, माझं आयुष्य आहे ते."

"म्हणूनच सोपं जाईल." दाभणबाईंनी पुस्तकावर तळवा ठेवला. "उघडायचं नाही. मागे वळून साहेबांकडे बघायचं नाही. सार्वजनिक जीवनात पहिलं पाऊल टाकताना एक गोष्ट तुमच्या मनावर कायमची कोरली गेली, असं शहाण्णवाव्या पानावर तुम्ही लिहिलंय. ती पुढे सोळा पानं चालते. नऊ वर्षं ती छापून पडली आहे, तीन सत्कारांत तिचं कौतुक झालंय. सत्त्याण्णव ते एकशे बारा. ती गोष्ट कोणती, अध्यक्षसाहेब? सांगा."